सत्तेचाळीस दाते कुठून आणायचे?

गिअर कापणाऱ्या माणसाच्या हातात कुठलाही गिअर ठेवा, तो आधी दाते मोजणार आणि मग खिशातला व्हर्निअर काढणार. कोल्हापुरात उद्यमनगरात माझी सगळी हयात हॉबिंग मशीनसमोर गेली. त्यामुळे जावयाने आणून ठेवलेलं लेगोचं खोकं उघडल्यावर मीही तेच केलं. सगळ्यात मोठ्या गिअरला ४० दाते, बाहेरचा व्यास ४२ मिलिमीटरला किंचित कमी. त्याखालच्याला २४ दाते, व्यास २६ ला किंचित कमी. दाते अधिक दोन, गुणिले मॉड्यूल (म्हणजे दात्याच्या आकाराचं माप), बरोबर बाहेरचा व्यास, हा हिशोब आमच्या गल्लीत चहा घेऊन येणाऱ्या पोरालाही पाठ असतो. म्हणजे हे सगळे मॉड्यूल १ चे गिअर निघाले. खेळण्यात कुणी एवढी शिस्त पाळत असेल असं मला वाटलं नव्हतं.

जावई काही वर्षं नोकरीसाठी म्युनिकला होता. तिथे त्याला या टेक्निकच्या भागांचा नाद लागला. साध्या विटांवर घरं बांधायची आणि टेक्निकवर यंत्रं करायची, असा लेगोचा ढोबळ हिशोब आहे. १९७७ साली त्यांनी हा प्रकार बाजारात आणला: भोकं पाडलेल्या विटा, अधिक चिन्हाच्या आकाराचे शाफ्ट, गिअर, पिना. परत आल्यावर पुण्याच्या फ्लॅटात खोकी ठेवायला जागा नाही, म्हणून ती आमच्या माडीवर आली. सासऱ्याने जावयाला द्यायची रीत, आमच्याकडे उलटंच झालं.

या विटांचं खरं मर्म भोकांच्या अंतरात आहे. दोन भोकांमधलं अंतर ८ मिलिमीटर, कुठेही जा, तेवढंच. आणि मॉड्यूल १ असल्यामुळे दोन गिअरच्या दात्यांची बेरीज करून निम्मी केली की केंद्रांतर थेट मिलिमीटरमध्ये मिळतं. २४ आणि ८, बेरीज ३२, निम्मे १६, म्हणजे दोन भोकं. ४० आणि ८ ला तीन भोकं. २४ आणि २४ लाही तीन. १६ आणि १६ ला दोन. सगळं तोंडी. वैताग देते ती १६ आणि ८ ची जोडी. तिचं अंतर १२ मिलिमीटर, म्हणजे दीड भोक! नेमकी हीच जोडी वेग दुप्पट करायला लागते. त्यासाठी दोन बटणांची एक छोटी वीट मिळते, तिची भोकं दोन बटणांच्या मधे नसून थेट बटणांखाली असतात. ती वापरली की अर्ध्या घराने सरकता येतं. ज्याच्याकडे त्या विटा कमी, त्याचं डिझाइन तिथेच अडतं. माझ्याकडे कमीच होत्या.

उभ्या दिशेला आणखी एक गंमत आहे. विटेची उंची ९.६ मिलिमीटर, ती काही ८ च्या पाढ्यात बसत नाही. पण पातळ प्लेटची उंची ३.२. दोन विटांच्या मधे दोन प्लेट घातल्या की भोक ते भोक अंतर ९.६ अधिक ६.४, बरोबर १६. मग बाहेरून उभी वीट लावून पिना ठोकता येतात आणि चौकट जखडली जाते. हे केलं नाही तर गिअरवर जरा लोड आला की दाते एकमेकांना लोटतात, विटा वर उचलल्या जातात आणि कटकट आवाज करत दाते घसरायला लागतात. नव्या पोरांचं यंत्र चालत नाही तेव्हा दहातल्या नऊ वेळा दोष गिअरचा नसतो, बॉडीचा असतो. हे लोखंडातही तसंच आहे.

आता यातून करायचं काय? क्रेन, ट्रक, गिअरबॉक्स हे सगळे करतात, आणि छान करतात. मला काहीतरी मोजणारं यंत्र हवं होतं. तेव्हा बायको आणि लेक फोनवर यंदाच्या धोंड्याचं बोलत होत्या. २०२६ साली १७ मेपासून १५ जूनपर्यंत अधिक ज्येष्ठ. बायको म्हणाली, हिच्या जन्माच्या आसपास कुठला अधिक आला होता बघा हो. बघायला गेलो आणि त्यातच अडकलो.

हिशोब असा. अमावास्येपासून अमावास्येपर्यंत सरासरी २९.५३ दिवस. असे बारा महिने म्हणजे ३५४ दिवस, आणि सूर्याचं वर्ष तीनशे सव्वापासष्ट. दरवर्षी अकराएक दिवसांची तूट पडते. ती साठत साठत महिन्याएवढी झाली की पंचांग एक महिना जास्तीचा घालतं. ज्या चांद्रमासात सूर्याची संक्रांत येत नाही, तो अधिक. आता १९ वर्षांचे दिवस मोजा, ६९३९.६० येतात. २३५ चांद्रमासांचे मोजा, ६९३९.६९. दोन तासांचा फरक! बारा गुणिले १९ म्हणजे २२८, ते २३५ मधून गेले की उरतात ७. म्हणून १९ वर्षांत सात अधिक मास. ग्रीसमधल्या मेटॉनच्या नावाने हे चक्र ओळखलं जातं. आपल्या पंचांगातही ते डोळ्यांना दिसतं: २००४ ला अधिक श्रावण होता, २०२३ लाही अधिक श्रावण. २००७ ला अधिक ज्येष्ठ, यंदाही अधिक ज्येष्ठ. नेहमी इतकं जुळतंच असं नाही, अधूनमधून महिना सरकतो, पण ढाचा हाच.

म्हणजे यंत्राची मागणी ठरली. हँडलचा एक फेरा म्हणजे एक चांद्रमास. २३५ फेरे झाले की सूर्याचा काटा बरोबर १९ वेळा फिरलेला पाहिजे.

इथे माझी गाडी अडली. २३५ म्हणजे ५ गुणिले ४७. सत्तेचाळीस मूळ संख्या, एकोणीसही मूळ संख्या. आणि खोक्यातले गिअर ८, १२, १६, २०, २४, ३६, ४० दात्यांचे. यांचे अवयव पाडा: दोन, तीन, पाच. संपलं. यांचे कितीही गुणाकार-भागाकार केले तरी ४७ निघणार नाही आणि १९ ही नाही. वर्कशॉपमध्ये असतो तर हॉबिंगला ४७ चा हिशोब लावून, जेवायच्या सुट्टीआधी गिअर काढून दिला असता. तसं करायचा मोह झालाही. नायलॉनचा तुकडा घेऊन मॉड्यूल १ च्या हॉबवर कापला असता तर भोकाशिवाय काही अडचण नव्हती. पण मग ते विटांचं यंत्र कसलं?

जुन्या टर्नर लोकांना हा प्रश्न ओळखीचा वाटेल. इंची लेथवर मिलिमीटरचे आटे पाडायचे तर चेंज गिअरमध्ये १२७ दात्यांचा गिअर लागतो, कारण एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर आणि २५.४ म्हणजे १२७ भागिले ५. एकशे सत्तावीसही मूळच, आटे अचूक हवेत तर त्याला पळवाट नाही. आमच्या हातात तो गिअर कितीतरी वेळा येऊन गेला असेल. पण तोच आकडा दोन हजार वर्षांपूर्वीच्या यंत्रात भेटेल असं कुणाला वाटेल? ग्रीसमध्ये अँटिकिथेरा बेटाजवळ बुडालेल्या एका जहाजातून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्राँझचं एक गंजलेलं यंत्र वर आलं. अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात ते ठेवलंय. सूर्य, चंद्र, ग्रहणं दाखवणारं. त्याचे तीस गिअर शिल्लक आहेत आणि अभ्यासकांनी जी गिअरमाळ जुळवली, तिच्यात १२७ चा गिअर आहे. कारण १९ वर्षांत चंद्र नक्षत्रांमधून २५४ फेऱ्या मारतो आणि २५४ म्हणजे १२७ दुणे. तिथे इंचाचा काही संबंध नाही, योगायोगच. मला मात्र तो आकडा वाचून खुर्चीत ताठ बसावं लागलं.

त्या ग्रीक कारागिराला हवे तेवढे दाते कापता येत होते. विटावाल्याला येत नाहीत. आणि हे यंत्र विटांत आधीच एकाने केलेलं आहे: अमेरिकेतला इंजिनिअर अँड्र्यू कॅरॉल, २०१० साली, टेक्निकचे सुमारे १५०० भाग आणि ११० गिअर वापरून. त्यानेही ही अडचण डिफरन्शिअलने सोडवली. एवढं कळलं आणि पुढचं मी मुद्दाम पाहिलं नाही. उत्तर बघून गणित सोडवण्यात काय मजा?

डिफरन्शिअल म्हटलं की आपल्याला ट्रॅक्टरचं मागचं हाउसिंग आठवतं, वळणावर बाहेरचं चाक जास्त फिरू देणारं. पण कागदावर मांडलं तर तो बेरीज-वजाबाकीचा डबा आहे. दोन्ही बाजूंच्या शाफ्टच्या फेऱ्यांची बेरीज मधल्या पिंजऱ्याच्या, म्हणजे आतले गिअर धरून फिरणाऱ्या चौकटीच्या, फेऱ्यांच्या दुप्पट असते, नेहमी. म्हणजे पिंजरा २४ वेळा फिरवा, एक शाफ्ट एकदा फिरवा, दुसऱ्या शाफ्टला ४८ वजा १ फिरण्यावाचून गत्यंतर नाही. सत्तेचाळीस! तसंच पिंजरा १० वेळा आणि शाफ्ट एकदा, की २० वजा १, एकोणीस. दोन, तीन, पाचमधून जे गुणून मिळत नाही, ते वजा करून मिळतं. (१२७ सुद्धा मिळतो, पिंजरा ६४ वेळा फिरवायचा. करून बघितलेलं नाही, भाग पुरणार नाहीत.)

लेगोच्या जुन्या करड्या डिफरन्शिअलच्या पिंजऱ्यावर एका बाजूला १६ आणि दुसऱ्या बाजूला २४ दाते असतात, आत १२-१२ दात्यांचे तीन बेव्हल. एकोणीसची माळ मी अशी लावली. १९ वर्षांत एकदा फिरणारा जो मुख्य शाफ्ट, त्यावर ४० चा गिअर, तो ८ ला फिरवतो, पाचपट. त्या ८ च्याच शाफ्टवरचा १६ पुढच्या ८ ला, दुप्पट. तिथला १६ पिंजऱ्याच्या १६ ला, बरोबरीने. झाले दहा. आता दुसरी वाट: मुख्य शाफ्टवरचा २४ डिफरन्शिअलच्या एका शाफ्टवरच्या २४ ला, एकास एक. दिशेकडे लक्ष द्यायचं, कारण बाह्य दात्यांच्या प्रत्येक जोडीत दिशा उलटते. पिंजऱ्याकडे जाताना तीन जोड्या, शाफ्टकडे जाताना एक. दोन्ही विषम, म्हणून पिंजरा आणि शाफ्ट एकाच दिशेने फिरतात आणि वजाबाकी होते. एक जरी जोडी इकडची तिकडे झाली तर बेरीज होऊन २१ येतील.

४७ च्या बाजूला वर्मने, म्हणजे स्क्रूसारख्या आट्याच्या गिअरने, काम सोपं केलं. हँडल फिरलं की ८ वरून ४०, पाचाने कमी, ते डिफरन्शिअलच्या एका शाफ्टला. पिंजऱ्याने वर्म फिरवायचा आणि वर्मने मुख्य शाफ्टवरचा २४, म्हणजे चोवीसास एक, एकाच टप्प्यात. डिफरन्शिअलचा दुसरा शाफ्ट मुख्य शाफ्टला एकास एक. वर्मचा आटा एकाच हाताचा मिळतो, म्हणून दिशा जुळवायला मधे एक आयडलर घातला. वर्मचा दुसरा गुण म्हणजे तो मागून ढकलला जात नाही. काट्यांच्या बाजूने कुणी नातवंडाने कितीही ओढलं तरी हँडल जागचं हलत नाही.

सगळं जोडून हँडल फिरवलं तर चाललं, पण सूर्याचा काटा दारूड्यासारखा डुलत होता. कारण उघड आहे. मुख्य शाफ्टपासून सूर्याच्या काट्यापर्यंत वेग १९ पट वाढतो, आणि वेग वाढवताना आधीच्या टप्प्यातला प्लेही, म्हणजे दात्यांमधली मोकळीकही, तितकीच वाढते. मुख्य शाफ्टला अर्ध्या अंशाचा प्ले म्हणजे काट्याला नऊ-दहा अंश. लोखंडात आम्ही दाते घट्ट बसवतो, सेंटर जरा आत घेतो. इथे सेंटर ठरलेलं, ८ मिलिमीटरचं. मग जुन्या लंबकाच्या घड्याळवाल्यांची युक्ती केली: काट्याच्या शाफ्टवर दोरा गुंडाळून त्याला एक लोखंडी नट लटकवला. त्याच्या वजनाने सगळे दाते कायम एकाच बाजूला टेकून राहतात. पुढे वर्म असल्यामुळे वजन खाली ओढून यंत्र पळवू शकत नाही. प्ले गेला नाही, पण दिसेनासा झाला. एकोणीस वर्षं झाली की दोरा परत गुंडाळावा लागतो, एवढीच सेवा. ऑइल मात्र लावायचं नाही. हे एबीएस प्लास्टिक आहे, काही तेलांनी त्याला बारीक चिरा जातात. हँडल जड वाटलं तर बुश, म्हणजे शाफ्टवरची छोटी कडी, अर्धा केस मागे सरकवायचा, बहुतेक वेळा तोच विटेला घासत असतो.

तबकड्या दोन, पुठ्ठ्याच्या, शेजारी शेजारी. एकीवर मेष ते मीन, तिथे सूर्याचा काटा. दुसरीवर चैत्र ते फाल्गुन, तिथला काटा हँडलच्या बारा फेऱ्यांत एकदा फिरतो. दोघांना एकत्र सोडलं की वर्षाअखेरीस महिन्याचा काटा चैत्रावर परत येतो आणि सूर्य १०.७ अंश मागे असतो. पुढच्या वर्षी तेवढाच आणखी. सूर्य पूर्ण एक घर मागे पडला की महिन्याचा काटा हाताने एक घर मागे घ्यायचा. तोच अधिक मास, तोच महिना पुन्हा. पंचांगकर्ते हेच करतात, फक्त हाताऐवजी गणिताने. काटा हाताने सरकवता यावा म्हणून त्या वाटेवर पांढरा क्लच गिअर घातलाय. २४ दात्यांचाच, पण आतला भाग ठरावीक जोरापुढे घसरतो. त्यावर २.५ आणि ५.० न्यूटन-सेंटिमीटर असे आकडे छापलेले असतात. यंत्र चालवताना तो घट्ट, बोटाने काटा ढकलला की क्रर्र करून सरकतो. छापलेला टॉर्क आणि खरा टॉर्क एवढा जुळणारा भाग आमच्या धंद्यात रोज बघायला मिळत नाही.

अधिक लागल्यावर लेक आणि जावई जेवायला आले. पुरणाचे धोंडे, तेहतीस अनारसे, तांब्याचं ताट, सगळं रीतसर. अनारसे तेहतीसच का, याचं कारण प्रत्येक घरी वेगळं ऐकायला मिळतं. मी यंत्र दाखवून सांगितलं की एका अधिकापासून दुसऱ्यापर्यंत हँडलचे सरासरी साडेतेहतीस फेरे होतात, २३५ भागिले ७. हे कारण खरं आहे असा माझा दावा नाही, पण जेवणानंतर ऐकायला बरं वाटतं. जावई म्हणाला, "मामा, याला मोटर लावू या." म्हटलं, पाहुणं, मोटर लावली की पंधरा मिनिटांत एकोणीस वर्षं संपतील, पुढच्या धोंड्याला तुम्हाला काय दाखवू?

या यंत्राला जे येत नाही तेही लिहून टाकतो. ते सरासरीवर चालतं. पृथ्वी जानेवारीत सूर्याच्या जवळ असते तेव्हा वेगाने जाते आणि जुलैत रेंगाळते. म्हणून हिवाळ्यात संक्रांती लवकर लवकर येतात आणि अधिक मास बहुतेक उन्हाळा-पावसाळ्याच्या महिन्यांत पडतात. माझ्या सूर्याला हिवाळा-उन्हाळा कळत नाही. त्यामुळे अधिक साधारण कधी येणार हे कळतं, पण कडेला आलं तर महिन्याचं नाव चुकू शकतं. अँटिकिथेराच्या यंत्रात चंद्राच्या कमी-जास्त वेगासाठी एका गिअरच्या खाचेत दुसऱ्याची पिन फिरवलेली आहे, केंद्र जरा सरकवून. केंद्र सरकवायचं म्हणजे विटांमध्ये पुन्हा तेच अर्ध्या घराचं झंगट.

बायकोने मात्र एकच विचारलं, "अहो, यात एकादशी दिसते का?" दिसते की. हँडलचा एक फेरा म्हणजे तीस तिथी. हँडलखाली पुठ्ठ्याची तबकडी लावली, तीस भाग पाडले, ११ आणि २६ वर लाल टिकली. तिने ती कालनिर्णयाशी ताडून पाहिली. चंद्र सारख्या वेगाने जात नसल्यामुळे कधी जुळतं, कधी अर्धा दिवस इकडेतिकडे होतं. उपासाचं कालनिर्णय बघूनच ठरतं. माझ्याकडे आता खाच असलेल्या गिअरचं काम लागलंय, आणि जावयाला दोन भोकांच्या त्या छोट्या विटा शोधायला सांगितल्यात.